केजन हॉटेलात जाताय? आधी कार्ड उलटं करून वाचा

कोल्हापुरातल्या ताराबाई पार्कात हे केजन, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांच्या, जेवणाचं हॉटेल सुरू झाल्यापासून ऑफिसात जो तो मला विचारतोय, "मॅडम, तुम्हाला फ्रेंच येतं, तिथं जाऊन मागवायचं काय ते सांगा की." घाईत असलेल्यांसाठी आधी निकाल: गम्बो घ्या, कोळंबीचं एतुफे घ्या, शेवटी पाँ पेर्दू घ्या. काळी सुरमई आणि जांबालाया यांच्या वाटेला जाऊ नका. ज्यांना एवढंच हवं होतं ते आता सुटले. बाकीच्यांसाठी मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण या हॉटेलात खाण्याइतकंच वाचायलाही आहे.

माझी पात्रता एवढीच, की शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी निर्यातीचा पत्रव्यवहार बघते. आमचं ओतकाम फ्रान्सला जातं. त्यापायी फ्रेंच शिकले; सुरुवातीला ड्रॉइंगवरच्या सूचना वाचण्यापुरतं आणि पुढं माल नापास झाला की भांडण्यापुरतं. भांडताना म्हणी फार कामाला येतात. समोरचा विषय सोडून भरकटला की फ्रेंच माणूस म्हणतो, "आपल्या मेंढ्यांकडे वळूया." हे पंधराव्या शतकातल्या एका प्रहसनातून आलंय. त्यात एक कापडवाला आपल्या धनगरावर मेंढ्यांवरून खटला भरतो, पण कोर्टात उभा राहिला की सारखा बुडालेल्या कापडाच्या पैशांवर घसरतो, आणि न्यायाधीश बिचारा त्याला पुन्हा पुन्हा मेंढ्यांकडे ओढत राहतो. तर वळूया मेंढ्यांकडे.

कार्डाच्या पुढच्या बाजूला पदार्थ आणि किंमत, मागच्या बाजूला प्रत्येक नावाची कुळकथा. मालक कोल्हापूरचाच पोरगा, क्रूझ जहाजांच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षं काढून आलेला. जहाज लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सला लागलं की हा गावात खायला सुटायचा. मजकूर त्यानं स्वतः लिहिलाय आणि मराठी सुरेख आहे, आमच्या ऑफिसच्या नोटिशीपेक्षा तर कितीतरी बरं. सगळं खाऊन आणि सगळं वाचून माझं मत असं झालंय, की ज्या पदार्थाचं नाव स्वयंपाकघरापर्यंत पोचलंय तो पदार्थ जमलाय. जिथं नावाची नुसती चटकदार गोष्ट उचललीय तिथं ताटातही घोटाळा आहे.

गम्बो घ्या. कार्ड म्हणतं, हा शब्द फ्रेंच नाही, आफ्रिकेतला आहे. बरोबर. मध्य आफ्रिकेतल्या बांटू भाषांमध्ये भेंडीला 'किंगोम्बो'च्या जवळपासचं नाव आहे. गुलाम करून लुइझियानात नेलेल्या माणसांबरोबर भेंडीही गेली आणि तिचं नावही गेलं. म्हणजे जगभर जो केजन लोकांचा मानाचा पदार्थ समजला जातो त्याचं नाव नुसतं 'भेंडी'. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "मग तीनशे वीस रुपये कशाला? भेंडी घरात हाय की." वाडगा समोर आल्यावर मात्र त्यांनी दुसरा शब्द काढला नाही. आपण भेंडीचा ताराळपणा घालवायला ताक घाल, आमसूल घाल असं करतो. तिथं त्याच चिकटपणावर रस्सा दाट होतो. भेंडीचा हंगाम नसला की सासाफ्रास नावाच्या झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड वापरतात, तिला 'फिले' म्हणतात, आणि ती चोक्टॉ या तिथल्या मूळ रहिवाशांची देणगी. "ही पूड आमच्याकडे नाही, मिळाली की कळवू," असं कार्डावर सरळ छापलंय. हे मला फार आवडलं.

पण गम्बोचा जीव भेंडीत नाही, 'रू'मध्ये आहे. मैदा आणि तेल सारखं घ्यायचं आणि मंद आचेवर पळी फिरवत बसायचं. फ्रेंचमध्ये 'रू' म्हणजे तांबूस. मूळ शब्दप्रयोग 'बर रू', म्हणजे तांबूस केलेलं लोणी. फ्रान्समध्ये पांढऱ्या सॉससाठी मैदा रंग धरायच्या आतच उतरवतात, लुइझियानात तो पार चॉकलेटी होईपर्यंत नेतात. गंमत अशी, की रू जितका काळपट होतो तितकी त्याची रस्सा दाट करायची ताकद कमी होते आणि वास मात्र खमंग होत जातो. म्हणून दाटपणा भेंडीनं द्यायचा आणि चव रूनं. इथला आचारी आधी एका मटण खानावळीत होता. तीळ, खसखस, सुकं खोबरं कोणत्या क्षणाला उतरवायचं हे ज्याच्या नाकाला कळतं त्याला रू शिकवावा लागत नाही. मालक म्हणाला, "काकू, चाळीस मिनिटं ह्यो हलतच न्हाई तिथनं. फोन आला तरी घेत न्हाई." चवीत ते कळतं. कोंबडीचे तुकडे मऊ, रस्सा गडद, तिखट बेताचं. भाताचा मुटका मध्ये ठेवतात आणि भोवती रस्सा ओततात, तेव्हा भाकरी मागू नका. मी मागितली होती, मिळाली नाही.

रश्शावरून कार्डाच्या पहिल्याच पानावरची नोंद सांगते. 'रेस्टॉरंट' हा शब्द अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आधी जागेचं नाव नव्हता. मांसाच्या कडक अर्काला, अंगात ताकद परत आणणाऱ्या पाण्याला 'रेस्तोराँ' म्हणायचे, आणि ते विकणाऱ्या दुकानाला पुढं तेच नाव पडलं. कोल्हापुरात हे समजावून सांगायला लागत नाही. आजारातून उठलेल्याला आणि बाळंतिणीला आपण मटणाची अळणीच पाजतो ना! सासूबाईंच्या मते पॅरिसवाल्यांना हे उशिरा कळलं.

एतुफे हे दुसरं जमलेलं नाव. फ्रेंच क्रियापद 'एतुफे' म्हणजे गुदमरवणं, श्वास कोंडणं. झाकण गच्च लावून स्वतःच्याच वाफेवर शिजवलेलं ते एतुफे. तिकडे यात क्रॉफिश घालतात, म्हणजे गोड्या पाण्यातली, दलदलीत आणि पाणी भरलेल्या भातखाचरांत वाढणारी, झिंग्यासारखी दिसणारी नांगीवाली जात. इथं घाट चढून आलेली कोकणातली कोळंबी असते. कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी या तीन भाज्यांवर सगळं केजन जेवण उभं आहे, त्यांना ते लोक 'होली ट्रिनिटी', म्हणजे ख्रिस्ती धर्मातलं पवित्र त्रिकूट, म्हणतात. कॅथलिक माणसं, आणखी काय म्हणणार. फ्रान्समध्ये याच जागी कांदा, गाजर, सेलरी असतं आणि त्याला अठराव्या शतकातल्या मिरप्वा नावाच्या सरदाराचं नाव आहे. इथल्या एतुफेत तिन्ही भाज्या विरघळून गेल्या होत्या, कोळंबी रबरासारखी झाली नव्हती, आणि झाकण टेबलावर आणूनच उघडलं. भाचीनं माझ्या ताटातलं अर्धं ओढून घेतलं. "मावशी, मी तर आता दरवेळी हेच खातो," असं खास आपल्या पेठेतल्या पोरींच्या थाटात जाहीर केलं.

आता पडलेली नावं. जांबालायाच्या मागं लिहिलंय: 'जाँबाँ' म्हणजे हॅम, 'आ ला' म्हणजे च्या पद्धतीचं आणि 'या' म्हणजे आफ्रिकेतल्या कुठल्याशा भाषेत तांदूळ, तिन्ही जोडून जांबालाया. ही गोष्ट अमेरिकेतही भरपूर फिरते, पण भाषेचे अभ्यासक ती मानत नाहीत. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्साल भाषेत 'जांबालाया' शब्द आहेच, त्याचा अर्थ मिसळ, सरमिसळ, आणि भाताचा पदार्थही. ताटात आलं ते मात्र उकडलेल्या भातावर कांदा-लसूण चटणी मारून परतलेलं काहीतरी. जांबालायात कच्चा तांदूळ मसाल्याच्या पाण्यात शिजतो आणि ते सगळं पाणी पिऊन टाकतो, त्यातच त्याची चव. इथला फोडणीचा भात होता. वर कोथिंबीर. दोनशे ऐंशी रुपये.

सॉसेजची नोंदही अर्धवट. 'आंदुईय' हे केजन सॉसेज, इथं चिकनचं करतात, चव ठीक. पण फ्रान्समध्ये आंदुईय म्हणजे डुकराची आतडी आणि पोट भरून केलेलं सॉसेज, थोडक्यात वजडी. लुइझियानात गेल्यावर त्यात वजडीऐवजी लसूण घातलेलं जाडसर कापलेलं मांस आलं आणि धुरीचा वास चढला. वजडीला नाक न मुरडणाऱ्या गावात ही माहिती गाळायची म्हणजे कमाल आहे. आणखी एक: फ्रेंच माणूस तुम्हाला 'आंदुईय' म्हणाला तर तो जेवायला बोलावत नाहीये, बावळट म्हणतोय. मी हे फोनवर ऐकलंय, अर्थात दुसऱ्याला म्हटलेलं.

काळ्या सुरमईवर मात्र मी तपशिलात बोलणार, कारण इथं विषय माझ्या कारखान्याच्या अंगणात येतो. 'ब्लॅकन्ड' मासा ही काही जुनी केजन परंपरा नाही. पॉल प्रुडॉम नावाच्या केजन आचाऱ्यानं न्यू ऑर्लिन्समध्ये 1979 साली हॉटेल काढलं आणि तिथून हा प्रकार अमेरिकाभर गेला. रेडफिश या माशाला एवढी मागणी आली, की त्याच्या मासेमारीवर सरकारला बंधनं घालावी लागली. कार्डावर यातलं बरंचसं आहे आणि बरोबर आहे. चुकलंय ते तव्यात. हा मासा वितळलेल्या लोण्यात बुडवून, मसाल्यात घोळवून, धूर निघेपर्यंत तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकायचा असतो. जाड बीड उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे थंड मासा पडला तरी तवा निवत नाही, आणि लोण्यातला दुधाचा अंश मसाल्यासकट क्षणात भाजून काळपट होतो. तो रंग भाजल्याचा, करपल्याचा नव्हे. इथं मला उघड्या स्वयंपाकघरात दिसला तो पातळ पत्र्याचा तवा. मासा टाकला की असा तवा गार पडतो, माशाला पाणी सुटतं, आधी तो उकडतो आणि पाणी आटल्यावर मसाला जळतो. आत पांढराफटक, बाहेर कडू. वर गिऱ्हाईक कोल्हापूरचं म्हणून लवंगी मिरचीची पूड दुप्पट. मालकाला म्हटलं, "बाळा, तुझ्या हॉटेलपासून शिरोली किती लांब आहे? या गावात बीड ओतणारे पायलीला पन्नास आहेत, एक चांगला अर्धा इंच जाडीचा तवा ओतून घे." तो हसला. मी हसण्यासाठी सांगितलं नव्हतं.

बाहेरच्या पाटीवर 'केजन बिस्त्रो' आहे; बिस्त्रो म्हणजे छोटंसं हॉटेल. कार्डाच्या मागच्या बाजूची गोष्ट अशी, की 1814 मध्ये रशियन सैनिक पॅरिसमध्ये शिरले आणि दारूच्या गुत्त्यांत "बिस्त्रो, बिस्त्रो" म्हणजे "लवकर, लवकर" ओरडू लागले. ऐकायला झकास. पण हा शब्द फ्रेंच छापील मजकुरात सापडतो तो 1880च्या दशकात, म्हणजे रशियन घरी गेल्यावर जवळजवळ सत्तर वर्षांनी. इतका वेळ शब्द कुठं दडी मारून बसला होता? शनिवारी रात्री आमची ऑर्डर यायला पाऊण तास लागला, तेव्हा हॉटेलवाल्यांचाही या व्युत्पत्तीवर फारसा विश्वास नसावा.

भिंतीवर दिव्यांच्या अक्षरांत 'लेसे ले बाँ ताँ रुले' लिहिलंय. पोरं त्याच्याखाली उभी राहून फोटो काढतात. शब्दशः 'चांगल्या वेळेला गडगडू द्या'. मी फोटो काढून आमच्या ल्योंच्या गिऱ्हाइकाकडच्या बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, की असं फ्रान्समध्ये कुणी म्हणत नाही. खरं आहे, हे मुळात इंग्रजी वाक्य लुइझियानात जसंच्या तसं फ्रेंचमध्ये उतरवलेलं आहे. बाईंचा सूर जरा नाक वर केलेला होता, तो मला पटला नाही. तिकडे उलटंही होतं. न्यू ऑर्लिन्सचे जुने लोक वाणसामान आणायला जाताना इंग्रजीत 'मेकिंग ग्रोसरीज' म्हणतात, कारण खाली फ्रेंचचं 'फेर' म्हणजे करणं बसलंय. दोन भाषा एका गल्लीत राहिल्या की असं होणारच. सीमेवरच्या आपल्या गावांत थोरल्या बहिणीला अक्का आणि भावाला अण्णा म्हणतात, ते कानडीचंच देणं ना? तेव्हा पाटी राहू द्या, फक्त कार्डावर तिला 'प्रसिद्ध फ्रेंच म्हण' म्हटलंय ते खोडा.

वाढप्यांच्या टी-शर्टवर 'लाश पा ला पतात' आहे. एकाला विचारलं याचा अर्थ काय. "बटाट्याचं काय तरी हाय म्हणं, काकू." बटाट्याचंच आहे: बटाटा सोडू नको, म्हणजे हिंमत सोडू नको, धर तग. लुइझियानात आणि कॅनडातल्या क्युबेकमध्ये दोन्हीकडे चालतं, फ्रान्समध्ये फारसं नाही. शनिवारच्या रात्रीला त्यांनी 'फे दोदो' नाव दिलंय. 'दोदो' हा झोपेसाठीचा बाळबोल, आपल्या गाई-गाईसारखा. केजन लोकांच्या नाचाच्या कार्यक्रमात आया पोरांना मागच्या खोलीत "फे दोदो" म्हणत निजवायच्या आणि मग फिडलवर नाचायला जायच्या, असं सांगतात. इथं मागची खोली नाही, त्यामुळे पोरं टेबलांखालून धावत असतात. शांत जेवायचं असेल तर शनिवार टाळा.

गाणी मात्र उत्तम लावतात, झायडेको. अ‍ॅकॉर्डियन आणि छातीवर अडकवलेला पत्र्याचा घासणफळा, असली वाद्यं. हे लुइझियानातल्या काळ्या क्रिओल, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या, लोकांचं संगीत, क्लिफ्टन शेनिए हा त्याचा राजा. नावाची कहाणी कार्डावर फक्त एका ओळीत उरकलीय, ती मी पुरी करते. 'लेझारिको सों पा साले' असा एक जुना शब्दप्रयोग आहे: घेवडा खारट नाही. शेंगांच्या भांड्यात घालायला खारवलेल्या मांसाचा तुकडासुद्धा घरात नाही, इतकी ओढाताण आहे, असा त्याचा रोख. त्या 'लेझारिको'चं बोलता बोलता झायडेको झालं, असं बहुतेक मानतात. अळणी घेवड्यावरून संगीताला नाव पडलं!

कार्डाचं शेवटचं पान 'केजन म्हणजे कोण' यावर आहे आणि तिथं पोरगा घाईत दिसतो. "फ्रान्समधून अमेरिकेत आलेले लोक" एवढंच. ते सरळ आलेच नाहीत. सतराव्या शतकात फ्रेंच शेतकरी आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आकादी नावाच्या मुलखात वसले होते. 1713 मध्ये तो मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि 1755 पासून इंग्रजांनी त्यांना घराबाहेर काढून जहाजांत कोंबलं, कुटुंबं तुटली, माणसं वाटेत मेली. याला ते लोक 'ल ग्राँ देरांझमाँ' म्हणतात; आमच्या गिऱ्हाइकाच्या पत्रात 'देरांझमाँ' शब्द येतो तो गैरसोयीबद्दल दिलगिरी म्हणून. 1765 च्या सुमाराला त्यातली काही कुटुंबं लुइझियानाच्या दलदलीच्या मुलखात पोचली, जो तेव्हा कागदोपत्री स्पेनचा झाला होता. आकादियँचं झालं कादियँ, त्याचं इंग्रजी तोंडात झालं केजन. पुढं 1921 च्या राज्यघटनेनं लुइझियानातल्या शाळांत फक्त इंग्रजीतून शिकवायचं ठरलं, आणि आवारात फ्रेंच बोललेल्या पोरांना "मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही" अशा ओळी लिहायला लावायचे. 1968 मध्ये फ्रेंच जपण्यासाठी त्याच राज्यानं सरकारी मंडळ नेमलं. मधल्या दोन पिढ्यांनी पोरांशी घरात फ्रेंच बोलणं सोडलं होतं. म्हणूनच आज तिथं म्हणी, खाण्याची नावं आणि 'शा' (बाळा, राजा, अशा लाडाचा 'शेर') एवढं जास्त करून उरलंय. कार्डावर बिस्त्रोच्या खोट्या गोष्टीला सहा ओळी आणि याला एक, हे प्रमाण मला खटकलं. मालकाला लिहून दिलंय, पुढच्या छपाईत घालतो म्हणाला.

पाँ पेर्दू: शिळा, वाया चाललेला पाव दूध-अंड्यात भिजवून तळलेला. 'पेर्दू' म्हणजे हरवलेला, वाया गेलेला. इथं स्थानिक बेकरीचा आदल्या दिवशीचा पाव आणि वरून काकवी. छान. पो-बॉय सँडविच सोडा. त्याला कुरकुरीत सालीचा पाव लागतो, इथं बर्गरचा बन आहे.

बिलाबरोबर एका वाटीत शेंगदाणे आणि गुळाची छोटी वडी येते, तिचे पैसे लावत नाहीत. हिचं नाव 'लान्याप'. दुकानदारानं गिऱ्हाइकाला खुशीनं वर दिलेली वस्तू. लुइझियानाच्या फ्रेंचमध्ये हा शब्द स्पॅनिश 'ला न्यापा'वरून आला आणि स्पॅनिशमध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या 'यापा'वरून, म्हणजे भर, वाढावा. कार्डावरची ही नोंद सगळ्यात चांगली आहे, कारण त्यानं शेवटी लिहिलंय, "कपिलतीर्थ मंडईत भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकणाऱ्या मावशींना हा शब्द माहीत नाही, पण पद्धत माहीत आहे." शनिवारी मात्र वाटी आली नाही. विचारलं तर वाढपी म्हणाला, "गर्दीच्या दिवशी नसते." फुकटची वस्तू, भांडता येत नाही.

दोघांचं पोटभर जेवण हजार-बाराशेत होतं. दुचाकी गल्लीत लागते, चारचाकी लांब लावावी लागते. शाकाहारी मंडळींसाठी लाल राजमा आणि भात आहे, मसाला बेताचा, शिजवलाय अगदी मऊसूत. न्यू ऑर्लिन्समध्ये हा सोमवारचा पदार्थ. सोमवारी घरोघरी कपडे धुण्याचा दिवस असायचा आणि बायका राजमा चुलीवर मंद आचेवर ठेवून धुण्याला लागायच्या. हे कार्डावर ठळक अक्षरांत छापलंय. हॉटेल सोमवारी बंद असतं.